दिवसाची कीर्द

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात एकवीस डायऱ्या आहेत. बहुतेक फुकट मिळालेल्या. कुणी पतपेढीने दिलेली, कुणी औषधवाल्याने, एक तर रासायनिक खतांच्या दुकानाची. प्रत्येकीत १ जानेवारीचे पान सुवाच्य अक्षरात भरलेले. उद्यापासून पहाटे पाचला उठणे, रोज दोन मैल चालणे, रोज एक तरी कविता वाचणे, उधारी करू नये. पाच तारखेला अक्षर तिरपे होते. नऊ तारखेला नुसती तारीख अधोरेखित केलेली. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत डायरी कोरी पडायला लागते. एका डायरीत मार्चमध्ये एकदम एक हत्ती भेटतो. तो माझ्या मुलीने काढलेला आहे, तेव्हा ती बालवाडीत होती.

त्यामुळे रेडिओवर दिनचर्या आणि रोजनिशी या विषयावर बोलायचे आमंत्रण आले तेव्हा आमच्या घरात हसू फुटले. बायको म्हणाली, ‘‘तुम्ही बोलणार? मग जानेवारीतच बोला.’’ तिचे बरोबर आहे. पण ज्याची वही नेहमी चुकते त्याला वहीबद्दल थोडे जास्त सांगता येते, असे मला वाटते. शिवाय मी वाढलो तो वह्यांच्याच घरात.

माझे अब्बा तालुक्याच्या गावी भुसार मालाच्या आडतीवर दिवाणजी होते. गादीवर मांडी घालून, पुढे उतरती लाकडी पेटी, तिच्यावर लाल कापडाच्या बांधणीची लांबट चोपडी. त्यांच्या देवनागरीला मोडीचा बाक होता. अक्षरे एकमेकांचा हात धरून चालल्यासारखी. दुकानात दोन वह्या महत्त्वाच्या. एक कीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत दिवस जसा घडला तसा उतरवायचा. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आधी कालची शिल्लक, मग एकामागून एक व्यवहार आणि शेवटी आजची शिल्लक. कोण मोठा, कोण छोटा हे कीर्दीला ठाऊक नसते. पाटलाचे दीडशे पोते आणि हमालाची चहाची उचल एकाच पानावर वरखाली येतात. खतावणीचे काम नंतरचे. सवड काढून कीर्दीतली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची, म्हणजे वर्षाकाठी कळते की कुणाकडे काय येणे आहे आणि आपण कुणाचे देणे लागतो.

अब्बांचा एकच दंडक होता. कीर्द त्याच रात्री बंद झाली पाहिजे. पेटीतली रोकड आणि वहीतली शिल्लक यांचा मेळ बसेना तर ते जेवायला येत नसत. अम्मा ताट झाकून ठेवी. चार आण्यांसाठी त्यांनी रात्रीचे अकरा वाजवलेले मी पाहिले आहेत. मी एकदा म्हणालो, ‘‘अब्बा, चार आणे तुमच्या खिशातले टाका आणि घरी चला.’’ ते म्हणाले, ‘‘त्याने पैसे भरतील, दिवस नाही भरणार.’’ तेव्हा मला हे कळले नाही. मला भूक लागली होती.

शब्दांकडे पाहायची कवीला खोड असते म्हणून सांगतो. आपल्या रोजनिशीतला ‘रोज’ फारसीतला, म्हणजे दिवस. दैनंदिनी संस्कृतातून घडवलेली. इंग्रजांच्या डायरीच्या पोटात लॅटिन दिवस आहे आणि त्यांच्या जर्नलच्या पोटात फ्रेंच दिवस. त्यांच्या हिशेबात जर्नल आणि लेजर असते, आपल्याकडे कीर्द आणि खतावणी. मन मोकळे करायची वही आणि दुकानाची वही या एकाच घरातल्या दोन बहिणी आहेत. हिशेबाची बहीण थोरली असावी, असा माझा आपला तर्क.

या थोरल्या बहिणीचा आपल्याकडचा मोठा वाडा म्हणजे पुण्यातले पेशवे दप्तर. पेशव्यांच्या सरकारात रोजकीर्द लिहिली जाई. फडणीस हा शब्दच मुळी फर्दनवीस, म्हणजे फर्द लिहिणारा, यातून आला आहे. १८१८मध्ये राज्य गेले, पण मोडीतले कागद राहिले. त्यांतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढलेले उतारे पेशव्यांची रोजनिशी म्हणून छापले गेले आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांवर एक दीर्घ प्रस्तावनावजा निबंध लिहिला. पुढे रियासतकार सरदेसाईंनी १९३०नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादून काढले. रानड्यांच्या निबंधातला मुद्दा मला फार आवडतो. बखरी लढायांचे सांगतात, राजवाड्यातल्या घडामोडींचे सांगतात. पण माणसे जगत कशी होती, त्यांच्यावर कर कोणते होते, दुष्काळात सूट कुणाला मिळाली, कोणत्या गुन्ह्याला कोणता दंड झाला, हे या कोरड्या नोंदींत सापडते. नोंद करणाऱ्या कारकुनाला इतिहास लिहायचा नव्हता. त्याला फक्त त्या दिवसाचा मेळ बसवायचा होता.

पण कीर्द झालेल्या दिवसाची असते. उद्याचा दिवस कसा घालवावा हे ती सांगत नाही. माझ्या एकवीस डायऱ्या नेमक्या उद्याच्या होत्या आणि म्हणून त्या अडकल्या. उद्याची वही करणाऱ्यांचा जो मूळपुरुष मानला जातो त्याच्याकडे जरा थांबून पाहू. बेंजामिन फ्रँकलिन. विजेचा पतंग उडवणारा म्हणून आपण त्याला शाळेत भेटलेलो असतो. त्याचा जन्म १७०६चा, बोस्टनचा. बाप मेणबत्त्या आणि साबण करणारा. बारा वर्षांचा असताना पोरगा थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला, सतराव्या वर्षी तिथून पळून फिलाडेल्फियाला गेला आणि स्वतःच्या छापखान्याचा मालक झाला. सत्ताविशीच्या सुमारास या मालकाच्या डोक्यात आले की आपण निर्दोष व्हायचे. एकही चूक न करता जगायचे. तरुणपणी असे ज्याला कधी वाटले नाही त्याने हसावे.

त्याने तेरा गुण निवडले. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग असे करत शेवटचा नम्रता. हा तेरावा त्याच्या मूळ यादीत नव्हता. तुला गर्व फार आहे, असे एका मित्राने सांगितले म्हणून तो घातला. मग एक छोटी वही केली. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर तांबड्या शाईने आखलेले सात उभे रकाने, आठवड्याचे सात वार. आडव्या तेरा ओळी. रात्री दिवस आठवायचा आणि ज्या गुणात चूक झाली त्याच्या घरात काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्याला एकाच गुणावर विशेष लक्ष, बाकीचे बारा आपापल्या नशिबावर. बागेतले तण एकदम उपटायला जाऊ नये, एकेक वाफा घ्यावा, असा त्यामागचा हिशेब. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या.

याच वहीत एक पान चोवीस तासांचे होते. पहाटे पाचला उठणे, हातपाय धुणे, प्रार्थना, दिवसाच्या कामाची आखणी, थोडा अभ्यास, न्याहारी. आठपासून काम. दुपारी दोन तास जेवण, वाचन आणि हिशेब पाहणे. पुन्हा काम. संध्याकाळी सहानंतर वस्तू जागच्या जागी ठेवणे, जेवण, गाणे किंवा गप्पा आणि मग दिवसाची झडती. दहाला झोप. सकाळच्या बाजूला एक प्रश्न लिहिलेला, आज हातून काय भले व्हावे याचा. रात्रीच्या बाजूला त्याचाच जोडीदार, प्रत्यक्षात काय भले झाले याचा. आज दुकानात ज्या महागड्या आखीव वह्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणींची आजी म्हणजे हे एक पान आहे.

पण लोक इथेच थांबतात आणि फ्रँकलिनला पहाटे पाचच्या गजराचा देव करून टाकतात. त्याने पुढे काय लिहिले ते कमी जण सांगतात. आपण समजत होतो त्यापेक्षा आपल्यात दोष कितीतरी जास्त निघाले, याचेच त्याला आश्चर्य वाटले. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडता खरवडता कागदाला भोके पडली. तेव्हा त्याने रकाने हस्तिदंताच्या पट्ट्यांवर आखून घेतले आणि ठिपके शिसपेन्सिलीने देऊ लागला, म्हणजे ओल्या स्पंजने पुसता येतील. सगळ्यांत हटवादी निघाला तो तिसरा गुण, व्यवस्था. वस्तू जागेवर ठेवणे आणि काम वेळेवर करणे त्याला जन्मभर जमले नाही. छापखान्यातल्या पगारी माणसाला असे वेळापत्रक पाळता येईल, असे तो म्हणतो. मालकाला लोक भेटायला येतात ते त्यांच्या सोयीने. पुढे फेऱ्या वर्षाला एकीवर आल्या, मग काही वर्षांतून एक आणि परदेशातल्या कामांच्या रगाड्यात त्याही बंद पडल्या. वही मात्र तो जवळ बाळगत असे.

त्याने एक गोष्ट दिली आहे ती आमच्या गावच्या लोहाराच्या भट्टीवरही शोभेल. एका माणसाला आपली कुऱ्हाड धारेसारखी सगळीकडून चकचकीत हवी होती. लोहार म्हणाला, करतो, तू चाक फिरव. चाक फिरवता फिरवता माणूस दमला आणि म्हणाला, राहू दे, मला ठिपक्याठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते. हे सारे त्याने १७८४ साली पॅरिसजवळच्या पासी गावात लिहिले. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि स्वतःवर हसण्याइतका मोठा झाला होता. निर्दोष झालो नाही, पण प्रयत्न केला नसता तर जसा असतो त्याहून बरा झालो, एवढाच त्याचा दावा आहे.

मला या वहीतली आणखी एक गोष्ट बोचते. तिच्यात तेरा ओळी होत्या, त्यात न्यायाची एक ओळ होती. तरीही फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या, पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती छापल्या जात. रोज रात्री झडती घेणाऱ्या माणसाला तिथे ठिपका द्यावासा वाटला नाही. म्हातारपणी तो बदलला. १७८७मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९०मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, त्याने गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही केली. वहीत जो रकाना आखलेला नाही त्यात ठिपका पडत नाही. म्हणून आखीव वहीपेक्षा मला कीर्द बरी वाटते. कीर्दीला रकाने दोनच आणि त्यात काय यावे हे दिवस ठरवतो.

कीर्दीसारखी, सगळे आत घेणारी वही एका बादशहाने लिहिली आहे. बाबराचे नाव काढले की आजकाल लोक सावरून बसतात. त्याच्या तलवारीचा हिशेब इतिहासकारांनी करावा. आज आपल्याला त्याच्या कागदांशी काम आहे. बाबरनामा त्याने आपल्या मातृभाषेत, चगताई तुर्कीत लिहिला. अकबराच्या दरबारात अब्दुर्रहीम खानखानाने त्याचे फारसी भाषांतर केले, म्हणजे आपल्या हिंदीतल्या दोह्यांच्या रहीमने. सुरुवातीच्या भागात वर्षावर्षाची हकिकत आहे, १५१९पासून मात्र दिवसादिवसाची नोंद सुरू होते. कुठे मुक्काम केला, कोणती नदी ओलांडली, कोण भेटायला आले, रात्री किती प्यालो. काहीच वगळलेले नाही. १५२७मध्ये राणा संगाशी लढण्यापूर्वी त्याने दारू सोडली, सोन्याचांदीची भांडी फोडून गोरगरिबांना वाटली. ही झाली शपथ. पण पुढे मित्राला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो की मैफलींची आठवण छळते. काबूलकडचे खरबूज कापताना रडू आले, हेही तो लिहून ठेवतो. शपथ आणि शपथेनंतरची तडफड, दोन्ही एकाच वहीत. दुसरा बादशहा असता तर त्याने शपथ ठेवून बाकीचे पान फाडले असते.

१५२९ साली, पावसाळ्याच्या तोंडावर, तो पूर्वेकडच्या मोहिमेवर होता. रात्रीची नमाज झाली होती, तंबूत लिहीत बसला होता. एकाएकी वादळ आले. कागद गोळा करायला सवड मिळाली नाही, तंबू अंगावर कोसळला, लिहिलेली पाने भिजून चिंब झाली. मोठ्या कष्टाने ती वेचली, लोकरी गालिच्याच्या घडीत घातली, वर घोंगड्या रचल्या. जाळ कसाबसा पेटला आणि हिंदुस्थानचा बादशहा पहाटेपर्यंत एकेक पान वाळवत बसला. शत्रू समोर असताना एवढी रात्र त्याने कागदांना दिली.

तरीही आज हातात असलेल्या बाबरनाम्यात मोठी खिंडारे आहेत. १५०८पासून १५१९पर्यंत काही नाही. १५२०पासून १५२५पर्यंत काही नाही. ती पाने गहाळ झाली असावीत. तो भाग आला की मी पुस्तक मिटून बसतो. एवढ्या बोलक्या माणसाची अकरा वर्षे आणि हातात काही नाही.

असे एक खिंडार माझ्याकडेही आहे आणि ते वादळाने पाडलेले नाही. २०११ साली आमची अम्मा आजारी पडली. जून ते ऑक्टोबर. मी रोज दवाखान्यात तिच्या उशाशी बसत होतो. ती खूप बोलायची. लहानपणीचे, तिच्या माहेरच्या विहिरीचे, कुणाला काय द्यायचे याचे. त्या वर्षीची डायरी माझ्या पिशवीतच होती. मी कवी माणूस, सगळे मनात राहील असे मला वाटले. ती गेल्यावर दोन महिन्यांनी माझ्या दोन बहिणींत तिच्या सोन्याच्या पाटल्यांवरून बोलाचाली झाली. अम्मांनी मला सांगितले होते, असे दोघीही म्हणत होत्या. धाकटीचा फोन आला, ‘‘भाईजान, तुम्ही तर रोज तिथे होता. तुमच्या वहीत लिहिलेले असेल ना?’’ मी डायरी उघडली. ९ जूनपासून १४ ऑक्टोबरपर्यंत एक अक्षर नाही. एका पानावर फक्त रक्त देणाऱ्याचा फोन नंबर. अम्मांनी पाटल्यांबद्दल माझ्यासमोर काहीतरी म्हटले होते हे मला आठवत होते. काय म्हटले ते आठवत नव्हते. बहिणी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

त्याच दिवसांत मी अब्बांची घरखर्चाची जुनी चोपडी काढली. ते दुकानाची कीर्द बंद करून आले की घरचीही लिहायचे, हे मी विसरून गेलो होतो. मी दहा वर्षांचा असताना आमचा सर्वांत धाकटा भाऊ तापाने गेला, पाच महिन्यांचा होता. ते पान मी शोधले. दूध, रॉकेल, टांगा. मग ‘कफन रु. १४’. त्याखाली ‘कबर खोदाई रु. १०’. त्याखाली शिल्लक. मेळ बसलेला होता. बाकी काही लिहिलेले नव्हते, पण अक्षराचा बाक त्या दिवशी नव्हता. प्रत्येक अक्षर सुटे, बालबोध, पहिलीतल्या पोराने गिरवावे तसे. ज्या रात्री कुणीही माफ केले असते त्या रात्री हा माणूस वही घेऊन बसला होता.

त्यानंतर मी फुकटच्या डायऱ्या घेणे बंद केले. छापील तारखेचे कोरे पान डोळे वटारते. मी शंभर पानी साधी वही घेतो आणि तारीख स्वतः घालतो. चार दिवस चुकले तर कोरी पाने मागे राहत नाहीत. डावे पान उद्याचे. रात्री झोपण्यापूर्वी तिथे तीन कामे लिहितो, चौथे नाही. तीनमध्ये एक तरी असे हवे की जे दुसऱ्या कुणाला नको आहे, फक्त मला हवे आहे. माझ्या बाबतीत ती कवितेची एखादी अडलेली ओळ असते. उजवे पान आजचे. त्यावर आज काय झाले, कोण काय बोलले, शक्य तर त्याच्याच शब्दांत. डाव्या पानावरचे काम झाले नसेल तर खोडत नाही, का झाले नाही ते उजवीकडे चार शब्दांत येते. ‘पाहुणे आले’, ‘कंटाळा’, ‘भीती वाटली’. फ्रँकलिनचे ठिपके मी वर्षभर करून पाहिले आणि सोडून दिले, कारण संध्याकाळी स्वतःला गुन्हेगारासारखे उभे करायचा मला कंटाळा आला. त्याचे रात्रीचे दहा मात्र ठेवले. पहाटेचे पाच आमच्याकडे अजानमुळे तसेही कुणी चुकवू देत नाही.

रविवारी खतावणी. तिची वही वेगळी. आठवड्याच्या कीर्दीतून काही ओळी उचलून खात्यांवर टाकायच्या. माझी खाती पाच आहेत: घर, लिहिणे, तब्येत, देणी आणि अम्मा. शेवटचे खाते २०१२ साली उघडले. कधी भाजी चिरताना, कधी एसटीत, तिचे एखादे वाक्य परत आले की आधी कीर्दीत आणि मग त्या खात्यावर. तेरा पाने झाली आहेत. पाटल्यांचे वाक्य अजून आलेले नाही. पाटल्या थोरलीकडे आहेत आणि ईदला धाकटीच्या मुलीच्या हातात दिसतात, असा त्यांनी मार्ग काढला आहे.

मागच्या महिन्यात तीन रविवार खतावणी राहिली. कीर्द चालू आहे. परवा रात्री वीज गेली होती, तेव्हा मोबाईलच्या उजेडात लिहिले: पाऊस नाही. तीनपैकी एक काम झाले. धाकटीचा फोन, म्हणाली, अम्मा चिंचेच्या सारात गूळ शेवटी घालायची.